पोळ्या लाटून अंगठा धरलाय. गणपतीच्या ऑर्डर घेऊ का?

प्रश्न : ठाण्यात नौपाड्याला मी घरातूनच पोळी-भाजीचं काम करते. वय ४४. दोन वेळच्या मिळून रोज २५० च्या आसपास घडीच्या पोळ्या जातात. मदतीला एक वहिनी येतात. चार महिन्यांपासून उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने कळ येते. टोप उचलताना आणि ओला फडका पिळताना तर डोळ्यांत पाणी येतं. महिनाभरापासून कोपराच्या बाहेरच्या बाजूलाही दुखायला लागलंय. मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर आधी "हाताला आराम द्या" म्हणाले, नंतर "दोन्ही जागी इंजेक्शन घेऊन टाका" म्हणाले. आराम द्यायचा तर गिऱ्हाइकं तुटतात. शेजारच्या काकू मालिश करून घे म्हणतात. वहिनींची बोटं रात्री बधिर होतात, तेही यातलंच का? आणि गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डर या वर्षी घेऊ की नको?

उत्तर : ताई, आधी इंजेक्शनचं, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडचं बोलू, कारण तो निर्णय तुमच्या दारात उभा आहे. पत्रावरून जे दिसतं त्याप्रमाणे मनगटात घ्यायला हरकत नाही, पण पहिल्या दिवशीच नको. कोपरात मात्र घेऊ नका. हात एक, औषध एक, तरी उत्तर दोन. कारण तुमची दुखणी दोन आहेत आणि त्यांची जात वेगळी आहे.

मनगटाचं आधी. अंगठा बाजूला नेणारा एक आणि त्याला मागे ताठ करणारा एक असे दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्या, अंगठ्याकडच्या हाडाच्या उंचवट्यावरून जातात. तिथे त्यांच्यावर एक अरुंद आवरण असतं. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकावी तसे ते त्यातून मागेपुढे होतात. अंगठा फाकलेला ठेवून मनगट करंगळीकडे झुकवण्याची हालचाल दिवसभर होत राहिली की हे आवरण जाड होतं आणि आतली जागा उरत नाही. मग प्रत्येक सरकण्याला कळ येते. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. टोप उचलणं आणि फडका पिळणं या तुम्ही सांगितलेल्या दोन्ही गोष्टींत नेमकी हीच हालचाल आहे.

खात्रीसाठी अंगठा तळव्यात घ्या, त्यावर चार बोटांची मूठ अलगद मिटा आणि मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. आधी डाव्या हाताने करा, कारण निरोगी हातालाही थोडा ताण जाणवतोच. उजवीकडे त्या उंचवट्यावरच सणकन कळ आली तर अंदाज बरोबर आहे. हे एकदाच करायचं. बरं वाटतंय का हे पाहायला रोज केलंत तर दुखणं वाढेल. दुखण्याची जागा उंचवट्यावर नसून अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या अंगाला असेल आणि अंगठा दाबून फिरवताना करकर जाणवत असेल, तर मात्र ती सांध्याची झीज असू शकते. तिथे एक्स-रे काढावा लागतो आणि उपचारही वेगळे असतात.

कोपराचं दुखणं हे टेनिस एल्बो दिसतं. टेनिस न खेळणाऱ्यांनाच ते जास्त होतं. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात, तिथल्या टेंडनच्या मुळाशी ते असतं. लाटणं, सांडशी, उलथनं काहीही घट्ट धरलं की मनगट स्थिर ठेवायला हेच स्नायू आवळले जातात. इथे आवरणाचा प्रश्नच नाही. कोलॅजनचे, म्हणजे टेंडन ज्या प्रथिनाचा बनतो त्याचे धागे रोजच्या ताणाने विस्कटलेले असतात आणि त्यांची दुरुस्ती ताणाच्या वेगाला पुरी पडत नाही. सूज त्यात फारशी नसते. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या आठवडेच्या आठवडे घेऊनही मूळ दुखणं हलत नाही.

आता इंजेक्शनमधला फरक लक्षात येईल. मनगटात स्टिरॉइड त्या जाड झालेल्या आवरणात जातं, आवरण मोकळं होतं आणि एक-दोन इंजेक्शनांत बहुतेकांना आराम पडतो. कोपरात तेच औषध तीन-चार आठवडे छान वाटायला लावतं, पण वर्षभरानंतर तपासलं तर इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट निघते, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. दुखणं दबलं म्हणून माणूस पहिल्यासारखा कामाला भिडतो, आणि मूळचे धागे तर अजून कच्चेच असतात.

मनगटात घ्यायची वेळ आली तर तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. मधुमेहात या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून आठवडाभर रोज उपाशीपोटी साखर तपासा आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. टोचलेल्या जागी त्वचा पांढुरकी पडू शकते, खालची चरबी थोडी खचू शकते. आपल्या रंगावर तो डाग उठून दिसतो आणि जायला महिने लागतात. आणि काहींच्या आवरणात मध्ये एक पडदा असतो, त्यामुळे औषध एकाच टेंडनपर्यंत पोचतं. अशा वेळी सोनोग्राफीत बघून दिलेलं दुसरं इंजेक्शन उपयोगी पडतं. दोनानंतरही फरक नसेल तर तिसऱ्याच्या मागे लागण्यापेक्षा आवरण मोकळं करण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला. खासगी खर्च झेपत नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात दाखवता येईल.

पण इंजेक्शनच्या आधी पट्टा. अंगठा आणि मनगट दोन्ही धरणारा हवा, दुकानात "थंब स्पायका" म्हणून मागा. अंगठ्याचं टोकाकडचं पेर मोकळं राहिलं पाहिजे. नुसतं मनगट धरणारा पट्टा किंवा क्रेप बँडेज इथे कामाचं नाही, कारण त्यात अंगठा मोकळा हलत राहतो. चार आठवडे, रात्रीसुद्धा. अंघोळीला काढा, तेव्हा अंगठा दुखणार नाही इतपत हलवून घ्या. काम संपल्यावर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं लावा. वेदनाशामक गोळी रोजची करू नका, मधुमेहात मूत्रपिंडांना ते झेपत नाही. त्यापेक्षा डायक्लोफिनॅकचं मलम चोळायला बरं.

तुम्ही लगेच म्हणाल की पट्टा घालून पोळी लाटायची कशी. नाही लाटता येणार. डॉक्टरांचा "आराम द्या" हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. कारखान्यात पॅकिंग किंवा असेंब्लीवर असणाऱ्यांना (रबाळे-महापे पट्ट्यातल्या, वागळे इस्टेटमधल्या कितीतरी हातांना हेच होतं) महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल, तर नियमात बसल्यास वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन आजारपणात मिळतं. त्यांनी ते जरूर मागावं. घरातून धंदा करणाऱ्या बाईला अशी रजा नाही. म्हणून तुमच्या बाबतीत आराम म्हणजे धंदा बंद ठेवणं असा अर्थ घेऊ नका. त्या दोन टेंडनना दुखवणाऱ्या मोजक्या हालचाली वेचून काढायच्या आहेत.

हिशेब मांडून बघा. २५० पोळ्यांना सात-आठ किलो पीठ लागतं, पाणी धरून बारा किलोच्या आसपास कणीक. एका पोळीला लाटणं वीसदा मागेपुढे गेलं असं धरलं तरी दिवसाला पाच हजार वेळा. घडीची पोळी आधी थोडी लाटून, तेल लावून, घडी घालून पुन्हा लाटायची, म्हणजे आकडा त्याहूनही वर. तेव्हा पहिले तीन आठवडे लाटणं वहिनींकडे आणि शक्य असेल तर रोज दोन तासांसाठी बोलावलेल्या आणखी एका बाईकडे द्या. तुम्ही डाव्या हाताने भाजणं, भाजीची फोडणी, हिशेब, डबे भरणं बघा. गिऱ्हाइकांना सरळ सांगा की तीन आठवडे घडीच्या पोळीऐवजी फुलके मिळतील. फुलका एकदाच लाटायचा असतो. रोजचं गिऱ्हाईक एवढं समजून घेतं.

कणीक हाताने मळणं मात्र कायमचं बंद करा. कणीक मळायचं घरगुती मशीन एका वेळी एक-दीड किलो पीठ घेतं, म्हणजे तुमच्यासाठी पाच ते आठ घाणे. पहिला घाणा लाटायला घेईपर्यंत पुढचा मळून होतो. नौपाड्यातल्या आणखी एखाद-दोन पोळी-भाजी केंद्रांबरोबर मोठं मशीन भागीत घेता आलं तर आणखी चांगलं. कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवा आणि अर्धा तास झाकून ठेवल्याशिवाय लाटायला घेऊ नका. मुरलेली कणीक दाबाला लवकर पसरते, ताजी मळलेली आखडते, आणि तो आखडण्याचा जोर तुमच्या मनगटाला मोडावा लागतो. फ्रीजमधली कणीक तासभर आधी बाहेर काढा.

ओट्याची उंची हा भाग बहुतेक जणी सोडून देतात. उंची पाच फूट असेल तर कोपर जमिनीपासून साधारण ३७ ते ३८ इंचांवर येतं. ओटा ३३ इंच, त्यावर दोन इंचांचा पोळपाट, म्हणजे लाटायची पातळी कोपरापासून जेमतेम दोन-तीन इंच खाली. इतक्या वर दाब द्यायला खांदे उचलावे लागतात, मनगट मागे मोडतं आणि सगळा जोर हाताच्या पंज्यातून येतो. पोळपाट कोपरापेक्षा पाच-सहा इंच खाली हवा, मग अंगाचं वजन आपोआप लाटण्यावर पडतं. ओटा तोडायची गरज नाही. तीन इंच उंचीचा, दोन्ही पाय नीट मावतील असा न डुगडुगणारा लाकडी पाट करून घ्या आणि त्यावर उभ्या राहून लाटा. खाली बसून लाटण्यापेक्षाही हे बरं.

लाटणं फार बारीक आणि हलकं असेल तर बदला. मध्ये दीडेक इंच जाड आणि हाताला वजन लागेल असं घ्या. जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानात हातात धरून बघता येईल. ते मुठीत आवळायचं नाही, तळव्याखाली फिरू द्यायचं. लाटताना स्वतःच्या अंगठ्याकडे लक्ष द्या. पुष्कळ जणींचा अंगठा हवेत ताठ उभा असतो. तो तसा धरून ठेवणारे टेंडन म्हणजे तुमचे ते दुखरे दोन. अंगठा बाकीच्या बोटांलगत सैल पडू द्या. पोळी गोल फिरावी म्हणून मनगट एका बाजूला मोडून एकाच हातावर जोर देण्याची सवय असते, तीही सोडायची. पोळी डाव्या हाताने फिरवायची आणि दाब दोन्ही हातांनी सरळ द्यायचा.

भरलेला टोप सांडशीने उचलणं हा सगळ्यात वाईट प्रकार. आवळलेली मूठ, करंगळीकडे झुकलेलं मनगट आणि वर पाच-सहा किलो वजन, तिन्ही एकदम. दोन्ही बाजूंना कडी असलेली भांडी वापरा, जाड फडक्याने तळवे वरच्या दिशेला ठेवून, कोपरं अंगाशी धरून उचला, नाहीतर जागेवरच पळीने लहान भांड्यांत काढून घ्या. फडका पिळू नका. दोन तळव्यांत दाबून पाणी काढा किंवा स्पंज वापरा. चाकूला धार ठेवा. डब्यांच्या पिशव्या बोटांना अडकवू नका, खांद्याला लावा. आणि व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरना उजव्या अंगठ्याने उत्तरं देणं आजपासून बंद. फोन ओट्यावर ठेवून डाव्या हाताच्या बोटाने टाइप करा किंवा बोलून पाठवा. दिवसभर हात जपला आणि रात्री अंगठ्याने शंभर मेसेज केले तर पट्ट्याचा काही उपयोग नाही.

तीन आठवड्यांनी हाताला स्वस्थ असताना ठणका नसेल तर लाटायला सुरुवात करा. पहिल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने ४० ते ५० पोळ्या, २५-३० मिनिटं लाटून पाच मिनिटं दुसरं काम. तेवढा वेळ पट्टा काढा, काम झालं की परत घाला. पुढच्या आठवड्यात दहा-वीस पोळ्यांची वाढ, त्याहून जास्त नको. मोजमाप एकच : दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं आदल्या सकाळपेक्षा जास्त आहे का? असेल तर एक पायरी खाली या.

कोपराला आराम नाही, व्यायाम लागतो, आणि हा सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे. विस्कटलेले धागे नीट रांगेत यायला त्यांना मोजका, वाढत जाणारा भार हवा असतो. मनगटाचं दुखणं उतरल्यावर सुरू करा. हात टेबलावर, तळवा खाली, पंजा कडेबाहेर. डाव्या हाताने उजव्या पंज्याला वरून दाबा आणि पंजा हलू न देता ३० ते ४५ सेकंद विरोध करा. असं पाच वेळा, रोज. दोन आठवड्यांनी उजव्या हातात अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली घ्या. डाव्या हाताच्या आधाराने पंजा वर न्या, आधार सोडा आणि चार आकडे मोजत हळूहळू खाली आणा. दहा ते पंधरा वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. पाव किलोने वाढवत एक किलोपर्यंत जा. करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं आणि दुसऱ्या सकाळी शांत झालेला हात, हे चालतं. बारा आठवडे नेटाने करायचं. तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून बहुतेक जण सोडतात, तिथेच बिघडतं. पूर्ण बरं व्हायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं, पण बहुतेकांचं होतं. कोपराचा पट्टा लावायचा असेल तर दुखऱ्या हाडावर नाही, त्याच्या दोन बोटं खाली मांसल भागावर आणि फक्त कामापुरता.

मालिश नको. हलका तेलाचा हात फिरवण्याला कोणाची ना नाही, पण दुखऱ्या उंचवट्यावर अंगठ्याने रगडणं, "शीर बसवण्यासाठी" मनगटाला झटका देणं यातून आवरण आणखी सुजतं. हाडवैद्याकडेही या कामासाठी जाऊ नका.

मधुमेह आणि टेंडनचं नातं जवळचं आहे. साखर जास्त राहिली की कोलॅजन ताठर होतं. बोट मिटल्यावर अडकणं, खांदा आखडणं, बोटं बधिर होणं हे सगळं मधुमेहींना जास्त होतं. गेल्या तीन महिन्यांत एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) केली नसेल तर करा, सोबत थायरॉइडची टीएसएचही. एक गोष्ट मात्र कधीही अंगावर काढू नका : बोटाला सुरी लागली किंवा काही टोचलं आणि मग ते सगळं बोट सारखं सुजलं, वाकलेलंच राहिलं, सरळ करताना असह्य दुखलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. टेंडनच्या आवरणात पू होण्याची ती लक्षणं आहेत आणि मधुमेहात ते तासागणिक वाढतं.

वहिनींचं दुखणं वेगळं आहे. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक बोगदा असतो, त्यातून बोटं मिटणारे नऊ टेंडन आणि एक नस जाते. टेंडनभोवती सूज आली की नस चेपते. त्यांना विचारा : बधिरपणा अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांत आहे आणि करंगळी मोकळी आहे का? रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं का? दोन्ही "हो" असेल तर तो कार्पल टनेल. त्यांना मनगट सरळ ठेवणारा साधा पट्टा रात्री झोपताना सहा आठवडे लावू द्या. दिवसाही बधिर राहत असेल, हातातून वस्तू सुटत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसल्यासारखा दिसत असेल, तर थांबायचं नाही, नसेची तपासणी करून घ्यायची. टेंडन उशिरा का होईना सावरतो, पण नस फार काळ चेपलेली राहिली तर गेलेली ताकद परत येईलच असं नाही. तुमचा लाटण्याचा सगळा भार त्यांच्यावर टाकायला मी सांगते आहे, म्हणूनच आणखी एक बाई लावा असा आग्रह आहे. त्या दोघींनाही तोच अर्ध्या तासाचा नियम.

आता मोदक. पत्र आषाढाच्या सुरुवातीला आलं, म्हणजे भाद्रपद चतुर्थीला नऊ आठवडे आहेत. मोदकाच्या कळ्या पाडणं म्हणजे अंगठा आणि दोन बोटांची चिमूट, मोदकागणिक दहा-बारा वेळा. पुन्हा नारळ खवणं आणि गरम उकड मळणं. तिन्ही कामं त्याच दोन टेंडनवर येतात. या वर्षी नारळ खवलेला घ्या, उकड मशीनमध्ये घाला, सारण तुम्ही करा आणि कळ्या दुसऱ्या कोणाकडून पाडून घ्या. सहाव्या आठवड्यात पट्ट्याशिवाय रोजची कामं न दुखता होत असतील तर एकदा २१ मोदक स्वतः वळून बघा. दुसऱ्या सकाळी मनगट शांत असेल तर स्वतःच्या हाताचे दिवसाला ४० ते ५० धरा, बाकीच्या ऑर्डर कळ्या पाडणाऱ्या बाया मिळतील तेवढ्याच. सहा आठवड्यांनंतरही कळ तशीच असेल तर इंजेक्शनची वेळ ती. पण ते घेऊन पुढचे दोन आठवडे हात जपावा लागेल, म्हणून चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात घेऊन ऑर्डर उरकायचा विचार करू नका. ऑर्डर घ्यायची की नाही हे त्या २१ मोदकांनंतरच ठरवा. तोवर आगाऊ पैसे कोणाकडून घेऊ नका.